महाधमनीला आलेल्या फुग्याच्या ऑपरेशनआधी वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.९ आहे, ते कमी करता येईल का?

जुना किडनीविकार असेल तर झालेली झीज भरून येत नाही. पण १.९ मधला काही भाग तात्पुरता असू शकतो आणि तो शोधणं फार मोलाचं आहे, कारण ऑपरेशनमध्ये किडनीच्या धमन्यांच्या वर क्लॅम्प (रक्तवाहिनी बंद करणारा चिमटा) लावावा लागला तर तेवढा वेळ किडनीचा रक्तपुरवठा बंद असतो.

आधी गोळ्यांची पिशवी रिकामी करून बघा. कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा एसिक्लोफेनॅक चालू असेल तर बंद, पॅरासिटामॉल चालतं. भस्मं, काढेही बंद. ते घेत असल्याचं डॉक्टरांना नक्की सांगा, बरेच जण लपवतात.

अँजिओ सीटी (डाय टोचून काढलेला रक्तवाहिन्यांचा स्कॅन) नुकताच झालाय का? त्यातल्या डायने क्रिएटिनिन वाढू शकतं, म्हणून ४८ ते ७२ तासांनी पुन्हा तपासतात. ऑपरेशन तातडीचं नसेल तर आकडा स्थिरावेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

सोनोग्राफीत लघवी तुंबलेली दिसली, उदाहरणार्थ प्रोस्टेटमुळे, तर कॅथेटरने (लघवीच्या नळीने) आकडा बराच उतरू शकतो. वयस्कर पुरुषांत हे हमखास बघावं.

पाणी किती द्यायचं, ते हृदयाला किती झेपतं त्यानुसार. पंपिंग कमी असेल तर जास्त पाण्याने फुप्फुसात पाणी भरतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या बहुधा ऑपरेशनच्या २४ तास आधी थांबवतात, पण भूलतज्ज्ञांना विचारूनच. बीपीची गोळी मनाने बंद केली आणि बीपी चढलं तर फुगा फुटू शकतो.

पोटात किंवा पाठीत अचानक जोरात दुखलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.