टेक्सासात भाड्याची घरं आहेत, रिअल इस्टेट एजंटचं लायसन्स रिन्यू करावं का?

तुमची नोकरी सांभाळून तीन भाड्याची घरं, वर्षाला फार तर एक नवी खरेदी, तीही एमएलएसवरून (एजंटांच्या सामायिक घरयादीवरून). एवढ्यासाठी मी लायसन्स अॅक्टिव्ह ठेवलं नसतं.

रिन्यूअल दोन वर्षांतून एकदा असतं, १८ तासांचा अभ्यास असतो (पहिल्या वेळी जास्त), ते निभतं. पैसे जातात ते ज्याच्या हाताखाली लायसन्स चालवावं लागतं त्या ब्रोकरची फी, एमएलएस आणि असोसिएशनच्या वर्गण्यांत. एकट्या एनएआरचे (एजंटांची राष्ट्रीय संघटना) २०२५ मध्ये १५६ डॉलर, वर ४५ डॉलर जादा; राज्याचे आणि स्थानिक वेगळेच.

बदल्यात कमिशन मिळतं म्हणाल, तर मीही पहिल्या घराच्या वेळी खूश होतो. मग ब्रोकरने वाटा कापला आणि उरलेल्यावर कर बसला, कारण स्वतःच्या खरेदीवरचं कमिशनही उत्पन्नच धरतात. ऑगस्ट २०२४ पासून तर खरेदीदाराच्या एजंटला किती मिळणार हे एमएलएसवर दिसतही नाही, दर वेळी बोलून ठरवायचं.

इथे लायसन्सचा खरा उपयोग एकच. टेक्सासात घर कितीला विकलं गेलं हे सरकारी नोंदीत सापडत नाही, एमएलएसवर सापडतं. आठवड्याला पाच-सहा घरं तपासणाऱ्याला ते हवंच. वर्षाला एक घर घेणाऱ्याला ओळखीचा एजंट कॉम्प्स (आसपास विकलेल्या तशाच घरांचे भाव) काढून देतो.

आणि एक गोष्ट कोर्समध्ये शिकवतात, पण टोचते नंतर: स्वतःसाठी घर घेताना आपल्याकडे लायसन्स आहे हे कराराआधी लेखी सांगावं लागतं. एका आजोबांशी थेट सौदा जवळपास ठरला होता. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा वाचली आणि मुलाला फोन लावला. ‘याला भाव माहीत आहे रे!’ सौदा तिथेच फिसकटला. (त्यांचं काही चुकलं नव्हतं, मला भाव माहीत होताच.) लायसन्स इनअॅक्टिव्ह केलं (नावावर राहतं, पण एजंटचं काम करता येत नाही) तरी हे बंधन सुटत नाही.

करासाठी ठेवत असाल, तर करसवलतीसाठी ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ ठरायला लायसन्स लागतच नाही. वर्षाला या व्यवसायात ७५० तासांहून जास्त काम लागतं, आणि तुमच्या एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ त्यातच गेलेला असावा लागतो. पूर्णवेळ नोकरीत ते जमणं कठीण.

पण १८० तासांचे कोर्स वाया घालवू नका. लायसन्स सोडू नका, इनअॅक्टिव्ह करा. रिन्यूअलची फी तेवढी भरत राहायची, अभ्यासाचे तास परत अॅक्टिव्ह होताना. फक्त ब्रोकरला कळवण्याआधी तिन्ही घरांच्या आसपासची भाडी एमएलएसवर बघून घ्या. माझा लॉगिन त्याच संध्याकाळी बंद झाला होता.