घरगुती मसाल्याचा धंदा एकटीने चालवताना सोशल मीडिया कसा सांभाळावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरून कांदा-लसूण मसाला आणि उन्हाळी वाळवण विकता. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप तिन्हीकडे खाती आहेत, रोज काहीतरी टाकण्यात दोन-तीन तास जातात आणि ऑर्डरी काही वाढत नाहीत. त्यात एक एजन्सी दरमहा पैसे घेऊन सगळं सांभाळतो म्हणते, तर द्यावेत का? मी कराडची, माझाही हाच धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं स्पष्ट मत असं की आपल्या धंद्यात पोस्टपेक्षा उत्तराला जास्त किंमत आहे. मसाला घेणारी बाई रील बघून लगेच पैसे पाठवत नाही, आधी विचारते. तिखट कितपत आहे? बेडगी घालता की लवंगी? पुण्याला पोचायला किती दिवस लागतात? याचं उत्तर तासा-दोन तासांत गेलं तर ऑर्डर येते. दुसऱ्या दिवशी गेलं तर तोवर तिने दुसरीकडे सांगून ठेवलेलं असतं. म्हणून हातात एकच तास असेल तर तो मेसेजांना द्या. उरलाच वेळ तर पोस्ट.

आणि किंमत लिहा. 'दरासाठी मेसेज करा' हे वाक्य आजच काढून टाका. पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, प्रत्येकाचा दर आणि कुरिअरचा खर्च पोस्टवरच दिसू द्या. दर विचारायला संकोचणाऱ्या बायका खूप असतात, त्या गुपचूप पुढे जातात. दर लपवल्याने स्पर्धकही फसत नाही, तो एक मेसेज करून विचारून घेतो.

तिन्ही ठिकाणी सारखाच जीव ओतू नका. आपलं दुकान व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, बाकी दोन त्याच्या वाटा. साधं व्हॉट्सअ‍ॅप वापरत असाल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉग असतो, त्यात प्रत्येक वस्तू फोटो आणि दरासकट लावून ठेवा. 'क्विक रिप्लाय' नावाची सोय आहे. नेहमीची उत्तरं एकदा लिहून ठेवली की तिरकी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला तरी अख्खं उत्तर समोर येतं. मी कुरिअर, तिखटपणा, साठवण आणि पैसे कुठे पाठवायचे अशी चार उत्तरं लावून ठेवलीत, निम्मं टायपिंग त्यातच वाचतं. लेबलंही वापरा: नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, माल पाठवला. सीझनमध्ये कुणाचं काय राहिलंय ते डोक्यात ठेवणं शक्यच नसतं.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, एका वेळी २५६ जण बसतात, पण मेसेज फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. स्टेटसचंही तसंच, नंबर दोन्हीकडे सेव्ह हवा. त्यामुळे प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला: 'आमचा नंबर सेव्ह करा, मार्चमध्ये नवा मसाला निघाला की कळवू.' पहिली ऑर्डर देणाऱ्या बाईला ही चिठ्ठी मिळाली तर पुढच्या वर्षीची ऑर्डर बऱ्यापैकी पक्की समजा.

आता काय टाकायचं ते. रोज नवं सुचत नाही, ही तुमची अडचण आहे ना? मग गिऱ्हाइकांचे प्रश्नच पोस्ट करा. 'चार माणसांच्या घरात एक किलो मसाला किती दिवस जातो?' 'बरणीत वर्षभर टिकवायचा तर काय करायचं?' या दुसऱ्या प्रश्नावर मी एक साधा व्हिडिओ केला. कोरडी चिनी मातीची बरणी, तळाला हिंगाचा खडा, वर मसाला मुठीने दाबून दाबून भरायचा, मध्ये परत हिंगाचा खडा, वरून थोडं मीठ आणि तोंडाला स्वच्छ फडकं. बोलले अगदी थोडं, चेहरा तर दिसतच नाही, फक्त हात. तो अजून फिरतोय, कारण बायका तो आपल्या सुनांना, बहिणींना पाठवतात. नाचाच्या रीलला लाइक जास्त येत असतील, पण लाइक करणाऱ्याला मसाला नकोच असतो.

सीझनमधलं कामच दाखवा. अंगणात चादरीवर पसरलेली मिरची, देठं खुडणाऱ्या बायका, कढईत तळून काळपट-सोनेरी झालेला कांदा, मसाला कुटणाऱ्या डंकाचा आवाज. हे आपल्या भागात रोजचं असलं तरी ठाण्यात किंवा पिंपरीत राहणाऱ्या सातारा-सांगलीच्या माणसाला ते बघून घर आठवतं, आणि आपलं खरं गिऱ्हाईक तोच आहे. फोटो सकाळच्या उन्हात, खिडकीशी, पांढऱ्या ताटलीत काढा. रंग वाढवणारा फिल्टर मात्र कधीच लावू नका. बेडगीने रंग येतो, लवंगीने ठसका. दोन्हींचं प्रमाण जसं असेल तसाच रंग दिसू दे. फोटोत लालभडक आणि पाकिटात तपकिरी निघाला की भेसळीचा संशय येतो, आणि तो संशय काढणं फार अवघड. पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांकही फोटोत वाचता येईल असा ठेवा, नवं माणूस तो बघतं.

एक तांत्रिक गोष्ट: बिझनेस खात्यावर सिनेमाची गाणी लावायला जाऊ नका. तिथे बरीचशी मिळतच नाहीत, आणि जाहिरातीत हक्काशिवाय गाणं वापरलं की व्हिडिओचा आवाज बंद होतो. डंकाचा आवाज त्यापेक्षा चांगला.

मेटा बिझनेस सूट या फेसबुकच्याच कंपनीच्या अ‍ॅपमधून इन्स्टाग्राम आणि फेसबुकची पोस्ट एकदमच, पुढची तारीख-वेळ टाकून लावून ठेवता येते, त्यालाही पैसे पडत नाहीत. आठवड्यातून एकदा दुपारी निवांत बसायचं, दोन-तीन पोस्ट लावून ठेवायच्या आणि विषय संपवायचा. पावसाळ्यात एक केली तरी चालते. रोज टाकलं नाही म्हणून गिऱ्हाईक सोडून जात नाही.

याहून महत्त्वाचं सांगते, गिऱ्हाइकांची वही ठेवा. नाव, नंबर, गाव, काय नेलं, तिखट आवडलं का. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर असलेल्यांचे फॉलोअर एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदमच काही तास बंद पडले होते. फॉलोअर कंपनीच्या हातात असतात, वहीतला नंबर आपल्या. माझ्या वहीत 'जाधव काकू, कमी तिखट' असं लिहिलेलं असतं. मार्चमध्ये फोन करून 'काकू, यंदा बेडगी जास्त घालून वेगळा काढलाय' म्हटलं की त्या शेजारणीचीही ऑर्डर देतात.

कुणी वाईट कमेंट केली तर पुसू नका. एकदाच, शांतपणे, सगळ्यांसमोर उत्तर द्या: 'ताई, पाकीट बदलून देते, नंबर पाठवा.' मग पुढचं फोनवर. कमेंटखाली वाद घातलात तर तक्रार खोटी असली तरी वाचणाऱ्याच्या लक्षात आपला सूरच राहतो. शिवीगाळ असेल तर मात्र सरळ ब्लॉक, तिथे भीड धरू नका.

बूस्ट करायचं, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायची असेल, तर आधी ज्या पोस्टवर लोकांनी आपणहून विचारणा केली तीच निवडा. उद्देश 'मेसेज मिळावेत' हा ठेवा, लाइक नको. ठिकाण अख्खा महाराष्ट्र न ठेवता पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई एवढंच द्या आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिल एवढ्यापुरतंच चालवा. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही हिशेबात धरा. फॉलोअर विकत घेण्याच्या फंदात तर पडूच नका.

एकटीने धंदा करणाऱ्या बाईला हेरून फसवणारे असतात. ठरलेला नमुना असा: 'मी लष्करात आहे, कँटीनसाठी पन्नास किलो हवंय, पैसे आधी पाठवतो', मग एक क्यूआर कोड येतो, स्कॅन करून पिन टाका म्हणतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसले तरच पार्सल बांधा. 'तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, इथे लॉगिन करा' हा मेसेजही फसवा. तिन्ही खात्यांवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे लॉगिनला आणखी एक कोड किंवा पिन मागणारी सोय, आजच चालू करा. पैसे गेलेच तर लाजून घरात लपवू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं कठीण.

राहिला एजन्सीचा प्रश्न. आत्ता देऊ नका. ती लोकं सणाच्या शुभेच्छा आणि तयार डिझाइनं टाकतील, पण 'सांडगे तळताना का फुटतात' याचं उत्तर त्यांना देता येणार नाही, आणि विचारणारी बाई तेवढ्यावरच विश्वास ठेवते. तेच पैसे सीझनपुरतं पॅकिंगला एक मदतनीस ठेवायला घाला, म्हणजे तुमचा हात फोनला मोकळा होईल. पुढे कधी व्याप वाढून द्यावंच लागलं, तर खातं तुमच्याच मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर हवं. त्यांना पासवर्ड न देता मेटा बिझनेस सूटमधून फक्त कामापुरता प्रवेश द्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं पेज एजन्सीनेच स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. काम थांबवल्यावर ते परत मिळालंच नाही, आणि जुनी गिऱ्हाइकं अजून त्याच पेजवर मेसेज करतात.