स्लो कुकरवर हॅम-बटाट्याचं सोपं कॅसरोल कसं करायचं? माझे बटाटे कच्चे का राहिले आणि दूध का फाटलं?

तुम्ही लिहिलंय की साडेतीन लिटरचा स्लो कुकर वर्षभर माळ्यावर पडून होता. रविवारी तो काढलात, एका अमेरिकन कृतीवरून हॅम, बटाट्याचे मोठे तुकडे, दूध आणि आंबट क्रीम मिळालं नाही म्हणून दही, असं सगळं एकदम घालून आठ तास लावलात. झाकण उघडलं तर बटाटे कचकचीत, हॅमच्या दोऱ्या झालेल्या आणि दुधाचं पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. वर आईंनी विचारलं, "कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा ना? त्यात कसलं शिजवतोस?"

आईंचं अगदी बरोबर आहे. पुण्यात कॅसरोल म्हणजे पोळ्यांचाच डबा. तिकडे भांड्यालाही कॅसरोल म्हणतात आणि त्यात थर लावून शिजवलेल्या पदार्थालाही, एवढाच घोळ.

आम्ही वानवडीतले मराठी ख्रिस्ती. नाताळात घरात हॅम येतं आणि सव्वीस तारखेपासून उरलेल्या हॅमचं काय करायचं हा प्रश्न येतो, त्यामुळे हा पदार्थ मी बरीच वर्षं करते आहे आणि तुमच्या सगळ्या चुका माझ्याही करून झाल्या आहेत. तुमचं मुळात चुकलं ते इतकंच की तुम्ही हॅम शिजवायला बसलात. हॅम शिजलेलंच असतं. डुकराच्या मागच्या मांडीचं मांस मिठाच्या पाण्यात मुरवून, नायट्राइट लावून (तो गुलाबी रंग त्याचाच), मग शिजवून किंवा धुरी देऊन आपल्याकडे पाकिटात येतं. ते आठ तास बटाट्यासाठी असतात. म्हणून सगळी मांडणी बटाट्याच्या सोयीनं करायची.

स्लो कुकरमध्ये उष्णता तळातून आणि कडांमधून येते, मधून किंवा वरून नाही. आमची आजी चुलीच्या वैलावर दुधाचं पातेलं ठेवायची, ते दुपारभर तापत राहायचं पण उतू जायचं नाही. हा विजेवरचा वैल आहे असं समजा. त्या मंद आचेत शिजलेलं मांस नुसतं गरम होतं, पण कच्चा बटाटा शिजायला सगळ्यात जास्त वेळ घेतो. तो तळाशी आणि कडेला हवा, आणि पातळ हवा. काचऱ्यांना चिरतो तशा चकत्या करा, फक्त जरा जाड: तीन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढ्या. तुमचे मोठे तुकडे वर तरंगत होते आणि खाली हॅम होतं, म्हणजे बरोबर उलटं.

दुसरा गुन्हेगार दही. आमटीत चिंच आपण डाळ शिजल्यावर घालतो, आधी घातली तर डाळ बोटचेपी होत नाही. बटाट्याचंही तेच. आंबटात त्याचं पेक्टिन, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा, घट्ट राहतं आणि तो मऊ व्हायला फार वेळ लागतो. त्यातून दही आणि मीठ (हॅमचं मीठ काही कमी नसतं) घेऊन दूध तासन्‌तास तापत राहिलं तर ते फाटणारच, त्यात नवल नाही. अमेरिकन कृतीत दूध फाटत नाही कारण त्यात बहुतेकदा डब्यातलं घट्ट मश्रूम किंवा चिकन सूप घालतात, आणि त्यात स्टार्च आधीच असतो. कॅम्बेल कंपनीचं मश्रूम सूप 1934 सालचं, म्हणजे तिकडच्या दोन-तीन पिढ्या यावरच वाढल्या. आपल्याकडची सूपची पावडर त्याच्या जागी घालू नका, खारट होतं आणि चवही भलतीच येते. डब्याचं काम पांढरा सॉस करतो. मैद्यातला स्टार्च फुगून दुधातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही.

आता साहित्य. तुमच्या साडेतीन लिटरच्या भांड्याला, पाच-सहा माणसांसाठी: एक किलो बटाटे, तीनशे ग्रॅम हॅम, दोन मध्यम कांदे, पन्नास ग्रॅम लोणी, चार सपाट टेबलस्पून मैदा, अर्धा लिटर दूध, दीडशे ग्रॅम चीज, एक चमचा मोहरीची पूड किंवा बाटलीतला मस्टर्ड सॉस, भरपूर मिरपूड, चिमूटभर जायफळ. मीठ घालू नका. खरंच घालू नका. हॅम, चीज आणि खारं बटर मिळून पुरेसं होतं. शेवटी चाखून बघा, लागलं तर तेव्हा.

बटाटा घेताना भाजीवाल्याला विचारा, "रस्सा भाजीत अख्खा राहणारा कुठला?" मंडईत तळेगाव आणि इंदुरी असे दोन ढीग असतील तर तो नेमकं बोट दाखवेल. पावसाळा सरला की आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा नवा बटाटा येतो, पातळ सालीचा. तो मला यासाठी फार आवडतो. शीतगृहात बरेच महिने राहिलेला बटाटा गोडसर झालेला असतो, तो या पदार्थात लगेच कळतो.

हॅमचं म्हणाल तर पातळ चकत्यांचं पाकीट शक्यतो घेऊ नका. कॅम्पातल्या कोल्ड स्टोरेजवाल्याला, म्हणजे गोठवलेलं मांस विकणाऱ्या दुकानदाराला, सांगा की तीनशे ग्रॅमचा अख्खा तुकडा दे, किंवा चकत्या अर्धा बोट जाड काप. घरी त्याचे चौकोनी तुकडे करायचे. पाकिटातल्या चकत्या सात तासांत विरघळल्यासारख्या होतात आणि तुम्हाला मिळाल्या तशा दोऱ्या उरतात. चकत्याच मिळाल्या तर त्या शेवटच्या तासाला घाला. बेकन वापरायचं असेल तर ते पोटाचं मांस, चरबी जास्त. आधी तव्यावर परतून तेल काढून टाकल्याशिवाय घालू नका. चिकन हॅमही चालतं, पण तेही शेवटच्या तासालाच.

कृती सकाळच्या घाईत बसणारी आहे. मी सव्वासहाला सुरू करते, सातच्या आत झाकण लागतं.

बटाटे सोलून चकत्या करा आणि काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात टाका. दुसऱ्या गॅसवर कढईत लोणी वितळवून कांदा मऊ करा, लाल नको. त्यावर मैदा टाकून मंद आचेवर दोन मिनिटं परता. बेसन भाजताना वास सुटतो तसा खमंग वास आला पाहिजे, रंग मात्र बदलू देऊ नका. मग कोमट दूध थोडं थोडं ओतत रवीनं घुसळत राहा. एकदम ओतलंत की गुठळ्या. सॉस चमच्याच्या पाठीला चिकटेल इतका दाट झाला की मिरपूड, मोहरी, जायफळ घालून गॅस बंद. पातळ वाटला तरच जरा आटवा, कारण स्लो कुकरमध्ये काहीच आटत नाही. वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन परत खाली पडते. याच कारणानं चकत्या पाण्यातून काढल्यावर फडक्यावर पसरून कोरड्या करायच्या.

भांड्याला आतून लोणी लावा. तळाशी आणि कडेनं बटाटा, त्यावर थोडं हॅम, त्यावर सॉस, असे तीन थर. सगळ्यात वर बटाटा येऊ दे आणि त्यावर सॉस नीट पसरा, एकही चकती उघडी राहायला नको. उघडी राहिली तर ती काळपट पडते आणि कच्चीही राहते. सॉस गरमच ओतायचा, म्हणजे भांड्याला गारठ्यातून सुरुवात करावी लागत नाही. भांडं निम्म्याहून जास्त भरलेलं हवं, पण काठोकाठ नको.

लो वर सहा ते सात तास, हाय वर साडेतीन ते चार. ऑफिसला जाऊन दहा तासांनी येणार असाल तर टायमरचा कुकर हवा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी करा. मधे झाकण उघडून बघायची खाज आवरा. एकदा उघडलं की गेलेली वाफ भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. आमच्याकडे ही खाज ह्यांना आहे; काचेच्या झाकणावर टिचकी मारून थेंब पाडायचे आणि आत बघायचं, ही युक्ती मी त्यांना शिकवली तेव्हा कुठे आमचं जेवण वेळेवर व्हायला लागलं.

बटाट्यात सुरी लोण्यात जावी तशी गेली की वर किसलेलं चीज घालून अर्धा तास ठेवा. साधं अमूल प्रोसेस्ड चीज इथे महागड्या चीजपेक्षा बरं वागतं, त्यात इमल्सिफायर असतात म्हणून तेल सुटत नाही. या अर्ध्या तासासाठी झाकणाखाली एक स्वच्छ सुती पंचा ताणून घाला, टोकं झाकणावर वळवून. तो थेंब शोषून घेतो आणि चीजवर डबकं साचत नाही. दही किंवा क्रीम घालायचंच असेल तर ते आत्ता, कुकर बंद केल्यावर, दोन चमचे. वरचा थर खरपूस होणार नाही, ते या यंत्राला जमत नाही. हवाच असेल तर ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा, किंवा पावाचा चुरा लोण्यात तव्यावर लाल करून वाढताना वर पेरा. मला दुसरं आवडतं.

विजेचं बिल फार येईल का, असंही विचारलंय. या आकाराचा कुकर साधारण दोनशे वॅटचा असतो. सात तासांना दीड युनिटसुद्धा होत नाही. बिलाची नाही, वीज जाण्याची काळजी करा. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार, तेव्हा गुरुवारी लावून बाहेर जाऊ नका. तुम्ही घरी असताना वीज गेली तर सरळ पातेल्यात काढून गॅसवर शिजवून टाका. घरी नव्हतात आणि किती वेळ बंद होतं ते कळत नसेल, तर जीव तुटला तरी फेकून द्या. दूध आणि मांस कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिलेलं पोटात घालू नये. फ्रीझरमधलं दगडासारखं हॅमही थेट घालू नका, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा. आणि कधी राजमा करावासा वाटला तर तो भिजवून, पाणी बदलून, गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय यात घालू नका. कच्च्या राजम्यातलं विष या मंद आचेला मरत नाही.

तुमचा कुकर अमेरिकेतून आलाय का ते लिहिलेलं नाही. आला असेल तर आधी पालथा करून खालची पट्टी वाचा. माझा पहिला कुकर नणंदेनं तिकडून आणला होता, एकशेवीस व्होल्टचा. मी पिनेला नुसता अडॉप्टर लावून भिंतीत खुपसला. विजेचा दाब जवळजवळ दुप्पट झाला की उष्णता चौपटीच्या घरात जाते. दहा मिनिटांत रबर जळल्याचा वास आणि स्वयंपाकघरात काळोख. आतलं चिनी मातीचं भांडं शाबूत राहिलं, त्यात मी अजून लिंबाचं लोणचं मुरवते.

गंमत म्हणजे ही कल्पना मुळात ज्यू स्वयंपाकघरातली. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन यांना 1940 साली अशा भांड्याचं पेटंट मिळालं. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून लिथुआनियातल्या गावात शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं (रात्रभर मंद शिजणाऱ्या रश्श्याचं) मडकं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत, ही आईकडून ऐकलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. पुढे 1971 मध्ये तेच यंत्र क्रॉक-पॉट नावानं बाजारात आलं. हॅम आणायला कॅम्पात जाताना लाल देवळावरून, म्हणजे तिथल्या सिनेगॉगवरून, रिक्षा जाते तेव्हा मला दर वेळी हे आठवतं आणि पिशवी जरा आडोशाला धरावीशी वाटते.

वाढताना सोबत बेकरीचा ताजा पाव आणि काकडीची कोशिंबीर, दही न घालता, लिंबू पिळून. उरलेलं त्या जड भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नका, ते तासन्‌तास आतून गरम राहतं. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी त्याचे गार घट्ट गोळे रव्यात घोळवून तव्यावर टाकलेत, तर मूळ पदार्थापेक्षा तेच जास्त आवडेल. आमच्या घरी तर त्यासाठीच जास्तीचं करायला लावतात.