वाजलेली गिटार लिलावात काढताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : काका ध्वनिव्यवस्थेचं काम करत. एका नामांकित रॉक वादकानं कार्यक्रमानंतर त्यांना आपली इलेक्ट्रिक गिटार दिली. लिलावाला देण्याआधी पॉलिश करून नव्या तारा चढवू का? (भुसावळ)

अजिबात नको. घामानं गंजलेल्या तारा, पिकनं (तारा छेडायच्या चकतीनं) ओरखडलेला पिकगार्ड (तारांखालची संरक्षक पट्टी), मनगट घासून उडालेला रंग, हेच तर विकायचं आहे. कोरड्या सुती फडक्यानं वरची धूळ टिपा, बस्स. फ्रेटबोर्डला (नेकवरच्या, बोटं दाबायच्या लाकडी पट्टीला) तेल नको, सुटलेल्या वायरीला डाख नको. गिटारीत 9 व्होल्टची बॅटरी असेल तर ती मात्र आजच काढा. गळाली की आतलं सगळं खाते. जुन्या नायट्रो लॅकरवर (गिटारीवरच्या चकचकीत लेपावर) रबर किंवा रेक्झिन चिकटून डाग पडतो, म्हणून रबरी स्टँडवर ठेवू नका.

बदल कोणी केले, यावर सगळं अवलंबून आहे. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याच्या काळ्या स्ट्रॅटचे (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचे) नेक, पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) अनेकदा बदलले गेले, तरी 2019 मध्ये न्यूयॉर्कला ती 39.75 लाख डॉलरला गेली. ते बदल वादकाचे होते आणि त्यांची नोंद होती.

प्रश्न : वादकाची सही आहे. तेवढा पुरावा पुरतो ना? (अमळनेर)

नाही. सही म्हणजे त्यानं गिटार हातात घेतली एवढंच. वाजवली हे त्यातून ठरत नाही. सही केलेली गिटार आणि मंचावर वाजलेली गिटार यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोणी, कधी, कुठे, कोणाला दिली याची साखळी कागदावर हवी : दिल्याचं पत्र, त्या कार्यक्रमाचा पास, देण्याच्या वेळी हजर असलेल्यांचे सही केलेले जबाब. सिरियल नंबर चोरीच्या यादीत नाही, हेही लिलावगृहाकडून तपासून घ्या.

त्यानंतर फोटो जुळवणी. सारंगखेड्याच्या बाजारात जाणकार घोड्याचे आधी दात बघतो, तसं इथं आधी लाकडाच्या रेषा बघतात. सनबर्स्ट (मध्ये फिका, कडेला गडद) रंगातून दिसणाऱ्या रेषा दोन गिटारींच्या सारख्या नसतात. रंग अपारदर्शक असेल तर फ्रेटबोर्डच्या रेषा, शिंपल्याच्या ठिपक्यांची नक्षी, टवके आणि हेडस्टॉकवरचा (तारांच्या खुंट्या असलेल्या टोकावरचा) सिगारेटचा चटका शोधा. जुन्या कार्यक्रमाचे मूळ फोटो मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन करा, मग गिटारीचा फोटो त्याच कोनातून काढून शेजारी ठेवा. एक खूण जुळणं योगायोग असू शकतो. वेगवेगळ्या जागच्या चार-पाच जुळल्या तर बोलणं होतं.

खुणा वाढतात, कमी होत नाहीत. आजचा टवका जुन्या फोटोत नसेल तर चालतं. जुन्या फोटोतला टवका आज नसेल, तर गिटार पुन्हा रंगवली आहे किंवा ती ही नव्हेच. निगेटिव्ह उलटी छापली तर उजव्या हाताची गिटार डाव्या हाताची दिसते. आधी अंगावरच्या शर्टाची बटणपट्टी बघा.

प्रश्न : आतल्या नंबरांवरून वय कळतं म्हणतात. (धुळे)

कळतं, पण अंदाजानं. व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर 1376644 असं असेल तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966 आणि 44 म्हणजे 44 वा आठवडा. ही तारीख पॉटची, गिटारीची नव्हे. फेंडरनं 1966 च्या पॉटचा साठा पुढे 1969 पर्यंत वापरला. उलट, 1975 च्या कार्यक्रमातली म्हणून दाखवलेल्या गिटारीत 1983 चा पॉट निघाला तर तो केव्हा बदलला याचं उत्तर द्यावं लागतं. पिकगार्ड स्वतः उघडू नका; कारागिराकडून उघडून घ्या आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा.

प्रश्न : हातात नेमके किती पडतात? (चोपडा)

केळीच्या हिशोबपट्टीसारखंच बघा. समजा हातोडा 10 लाखांवर पडला. खरेदीदाराचं प्रीमियम (त्यानं लिलावगृहाला वर द्यायची रक्कम) 25 टक्के धरलं तर त्याला 12.5 लाख पडतात. तुमच्याकडून 10 टक्के कमिशन गेलं की 9 लाख उरतात. त्यातून विमा, छायाचित्रं, वाहतूक. हे दर प्रत्येक लिलावगृहाचे वेगळे, करारावर सही करण्यापूर्वी लेखी मागा. माल मागे घेतल्यास काय आकारणार, तेही विचारा. राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) लिलावगृहाच्या अंदाजाच्या खालच्या आकड्याच्या वर नेऊ नका. न विकलेली गिटार सगळ्यांच्या लक्षात राहते आणि पुढच्या खेपेला भाव पडतो.

प्रश्न : परदेशी लिलावाला पाठवताना काय सांभाळायचं? (जळगाव)

आधी लाकूड ओळखून घ्या. 1960 च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या कित्येक गिटारींचा फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा असतो. हे लाकूड 1992 पासून सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय पाठवली तर कस्टम्समध्ये जप्त होऊ शकते. इंडियन रोझवुड म्हणजे आपलं शिसव. त्याच्या तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीपासून सायटिसमधून सूट आहे.

तारा काढू नका, एक-दोन सूर उतरवा. मागे कललेल्या हेडस्टॉकच्या गिटारी बहुधा नटापाशी (नेक आणि हेडस्टॉक जुळतात तिथल्या, तारा टेकायच्या पट्टीपाशी) मोडतात, कारण केसमध्ये हेडस्टॉक अधांतरी राहतो. त्याच्या खाली आणि नेकच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड ठासा. मग केस खोक्यात, सगळीकडून 5–7 सेंटिमीटर गादी. मूळ केसवरचे विमानाचे टॅग, स्टेन्सिलची अक्षरं काढू नका, तोही पुरावाच. आणि मे महिन्यात पाठवू नका : पंचेचाळिशीच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात दोन दिवस पडली तर लॅकर बिघडू शकतं. पाऊस ओसरला की पाठवा.