परदेशी वहिनी नऊवारी नेसली तर ती चोरी होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: भावाचं लग्न नागपुरात झालं, जर्मन वहिनी नऊवारी नेसून, नथ घालून मांडवात उभ्या राहिल्या. तुम्ही फोटो टाकलेत आणि लंडनमध्ये वाढलेल्या एका भारतीय मुलीने खाली लिहिलं, हे 'कल्चरल अप्रोप्रिएशन' आहे, म्हणजे दुसऱ्याच्या संस्कृतीवर मारलेला डल्ला. इथल्या लोकांना खरंच असं वाटतं का?

नाही वाटत. माझ्या ओळखीत तरी असं वाटणारं कुणी नाही. माझ्या मावशीला तुमच्या वहिनी दिसल्या असत्या तर तिने आधी मागे जाऊन काष्टा घट्ट खोचलाय की नुसत्या पिनांवर लटकतोय ते पाहिलं असतं, दोन पिना काढून टाकल्या असत्या आणि मग विचारलं असतं, "जेवली का वं माय?" एवढंच.

पण त्या लंडनच्या मुलीला लगेच वेड्यात काढू नका. तिच्या शाळेत टिकली लावली म्हणून कुणी तिच्या कपाळाकडे बोट दाखवून हसलं असेल, डबा उघडला की नाक दाबलं असेल. पुढे तीच टिकली गोऱ्या गायिकांच्या कपाळावर 'फॅशन' म्हणून आली. ज्याच्यासाठी आपण बोलणी खाल्ली त्याच्यासाठी दुसऱ्याला टाळ्या मिळताना पाहणं हे वेगळंच दुखणं आहे. ते तुम्हाआम्हाला नागपुरात बसून झालेलं नाही, कारण इथे टिकलीवरून कुणी हसत नाही.

हा फरक इतर ठिकाणीही दिसतो. 2015 साली बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने फ्रेंच चित्रकार मोनेच्या एका चित्रासमोर, चित्रातल्या बाईच्या अंगावर आहे तसाच लाल किमोनो, म्हणजे जपानी पोशाख, ठेवला आणि लोकांना घालून फोटो काढायला सांगितलं. आशियाई वंशाच्या काही अमेरिकन तरुणांनी फलक धरून निषेध केला आणि संग्रहालयाने किमोनो घालू देणं बंद केलं. जपानमध्ये त्याआधी लोकांनी तोच किमोनो आवडीने घालून पाहिला होता, आणि बॉस्टनमध्येही काही जपानी माणसं उलट्या बाजूने उभी राहिली, की घाला बाबांनो, आमची काही हरकत नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या युटामधल्या एका शाळकरी मुलीने निरोप समारंभाला चिनी पद्धतीचा पोशाख घातला. तेव्हाही अमेरिकेत राळ उडाली आणि चीनमधल्या कित्येकांनी छान दिसतेस म्हणून लिहिलं. घरच्या माणसाला पाहुण्याने आपला कपडा घातल्याचं कौतुक वाटतं, परक्या गावात ज्याने तो घालून टोमणे खाल्ले त्याला राग येतो. दोघंही खरंच बोलत असतात.

आणि आपण नागपूरकरांनी घेण्यादेण्याबद्दल फार सोवळं दाखवायचं म्हटलं तर पंचाईतच होईल. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली ती ब्रह्मदेशात जन्मलेल्या महास्थवीर चंद्रमणींकडून. त्यानंतर जमलेल्या लाखो लोकांना स्वतः 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा ब्रह्मदेशातून आलेल्या नव्हत्या, त्या इथल्या माणसांसाठी त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या. नागपूरजवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार 1999 सालचं, जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलेलं. भदंत सुरेई ससाई जन्माने जपानी, पण नागपूरच्या इंदोरा वस्तीत जाऊन विचारा त्यांना परकं कोण म्हणतं ते. बुद्ध इथून गेला, अर्धं आशिया फिरला आणि जपान्यांच्या हातून परत कामठीला आला. यात कुणी कुणाचं चोरलं असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मग चोरी म्हणजे काही नसतंच का? असते. आमच्या घरी झाली आहे.

मी नागपुरातल्या तांडापेठेतला. आमचे आजोबा हातमागावर बसायचे, लुगडी विणायचे. सावजी मटणाचं आज जे नाव झालंय ते आम्हा विणकर हलबा कोष्ट्यांच्या चुलीवरून उठलेलं. आजी धने, दगडफूल, खसखस, मिरे वेगवेगळे भाजायची. एकत्र भाजले तर खसखस जळते आणि धने कच्चे राहतात, म्हणून ती कढईपाशी दुसऱ्या कुणाला फिरकू द्यायची नाही. मग पाट्यावर वाटण, वरून जवसाचं तेल. तेलाचा तवंग वर येईपर्यंत झाकण उचलायचं नाही. माग बसले, गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांनी पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकून खानावळ सुरू केली. आजी सांगायची, की मोठ्या घरची माणसं समोरून यायला लाजायची, गड्याच्या हाती डबा पाठवायची. आणि तोच रस्सा आता लग्नाच्या पंगतीत वेगळा स्टॉल लावून मिळतो.

तर काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका हॉटेलवाल्याने माझ्या मावशीला पंधरा दिवस नेलं. राहणं, खाणं, हातात थोडे पैसे. तिने त्यांच्या आचाऱ्यांना सगळं शिकवलं, अगदी मसाल्याचं माप चमच्याने मोजून लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते माप मोजलं असेल. पुढे मी पुण्याला गेलो तेव्हा मुद्दाम तिथे जेवायला गेलो. मेन्यूवर 'आमच्या शेफच्या आजीची खास सावजी पाककृती' असं छापलेलं. शेफ कुठला होता ते मी विचारलं नाही, पण त्याची आजी तांडापेठेतली नव्हती एवढं नक्की. फोटो काढून मावशीला पाठवला. मला वाटलं ती भडकेल. तिचा फोन आला, तो नावाबद्दल नव्हताच. "अरे, याच्यात काजू वाटून टाकला वाट्टे. आजारी माणसाचं जेवण होय का हे? काहून टाकते काजू?"

ती नावावर चिडली नाही, मी चिडलो. अजूनही चिडतो. पुण्यात कुणीही सावजी विकावं, नागपुरातही सगळ्या जातीधर्माचे लोक विकतात आणि चांगलं बनवतात, त्याचं मला काही नाही. ज्या बाईने पंधरा दिवस उभं राहून शिकवलं तिच्या जागी एक बनावट आजी उभी केली, हे मला चोरी वाटतं.

कोल्हापुरी चपलेचं प्रकरण आठवत असेल. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी वाटावी अशी चप्पल दाखवली, तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. 2019 पासून त्या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच मालाचं. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. माझ्या ऑफिसात त्या जूनमध्ये आठवडाभर हाच विषय. आमची अस्मिता, आमचा वारसा. मी गप्प बसून ऐकत होतो. चपला बांधणाऱ्या माणसांना तुमच्या घरात पाण्याचा पेला कुठला मिळायचा, हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, डबा खाल्ला आणि कामाला लागलो.

यापेक्षा वाईट मी माझ्या मुलीच्या शाळेत पाहिलं. गॅदरिंगला चौथीच्या वर्गाचा 'आदिवासी डान्स'. पोरांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला कागदाची पानं, डोक्याला कोंबडीची पिसं, हातात प्लॅस्टिकचे भाले आणि स्पीकरवर 'झिंगालाला हुर्र'. पालक मोबाइल वर धरून उभे. माझ्या शेजारी एक गोंड कुटुंब बसलं होतं, त्यांचा मुलगाही स्टेजवर होता. त्यालाही काळं फासलेलं. त्याच्या आईने मोबाइल काढला नाही. हे शहर वसवलं छिंदवाड्याकडच्या देवगडच्या बख्त बुलंद शाहने, तो गोंड राजा, आणि त्याच्याच गावात त्याच्या लेकरांना हुर्र म्हणत नाचवतात. तेलंगणातल्या आदिलाबादकडचे राजगोंड दिवाळीत घुसाडी नाचतात तेव्हा मोरपिसांचा मुकुट घालतात. तो मुकुट कुणीही, कधीही डोक्यावर घालत नाही, त्याचे नेम असतात, पूजा असते. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या काही जमातींमध्ये गरुडाच्या पिसांचा शिरपेच मान म्हणून कमवावा लागतो, म्हणून तो घालून पार्टीत मिरवणाऱ्यांवर ते संतापतात. ते मला वाचून कळलं होतं, पण पटलं त्या दिवशी गॅदरिंगमध्ये. दुसऱ्या दिवशी बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "अहो, मुलांना मजा येते ना." पुढच्या वर्षी कोळीगीत बसवलं. ती माझी जीत समजायची की नाही, देव जाणे.

आता ज्या तोंडाने मी हे बोलतोय त्या तोंडाबद्दलही सांगतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. आमच्या समाजाचं म्हणणं, आम्ही मूळचे हलबा या आदिवासी जमातीचे, विणकामात आलो म्हणून कोष्टी म्हणवले गेलो. आदिवासी संघटनांचं म्हणणं, आमचं नाव लावून तुम्ही आमच्या राखीव जागा घेता. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'हलबा' या नोंदीत हलबा कोष्टी धरता येणार नाहीत. माझ्या चुलतभावाचं जातीचं प्रमाणपत्र त्यात अडकलं आणि त्याची पाच वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. म्हणजे सावजी हे नाव आमचं म्हणून मी पुण्याच्या हॉटेलवर चिडतो आणि हलबा हे नाव आमचं म्हणून गडचिरोलीचा माणूस माझ्यावर चिडतो. मला तो चुकीचा वाटतो. त्या हॉटेलवाल्यालाही मी चुकीचाच वाटत असेन.

तुमच्या वहिनींचं यातलं काहीच नाही. त्यांनी कुणाचं नाव पुसलं नाही, कुणाची थट्टा केली नाही, त्या घरात आल्या आणि घरचं नेसल्या. त्या मुलीला उत्तर द्यायचंच असेल तर वाद घालू नका. लुगडं कुठून घेतलं, कुणी नेसवलं, ते फोटोखाली लिहा. सुरतेच्या पॉवरलूमवरची शिवलेली नऊवारी असेल तर तसं लिहा, त्यात लाज नाही. माझ्या बायकोचीही तीच आहे.

पुढच्या कार्याला घ्यायची झाली तर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडचं करवती काठाचं टसर बघा. त्या काठाचे दाते हातमागावर किती निगुतीने काढतात ते एकदा समोर बसून पाहण्यासारखं आहे, वहिनींनाही न्या. मावशीला मी तुमचा फोटो दाखवला. तिने झूम करून काष्टा पाहिला आणि म्हणाली, "चुकला हाय. पुढच्या वेळेस नेसवाले मीच येतो म्हणा."