सड्यावर कचरा, पायथ्याला विहीर
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : शेजारच्या नगरपंचायतीने कचरा डेपोसाठी आमच्या गावच्या सड्यावरची (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरची) पाच एकर जागा मागितली आहे. प्रस्ताव २०२३ चा, मोजणीही झाली. अधिकारी म्हणतात, नुसता कातळ आहे, जवळपास वस्ती नाही. सड्याच्या कडेला धनगरवाडा आहे आणि खाली आमच्या विहिरी. जागा नियमात बसते की नाही, हे कसे ताडून पाहावे? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : ‘नुसता कातळ’ हेच या प्रस्तावातले सगळ्यात पोकळ वाक्य आहे, आणि तेही शब्दशः. हा कातळ म्हणजे जांभा दगड. दिसायला टणक, पण आतून भोकाभोकांचा. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतो आणि सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतो. तुमच्या विहिरी बहुधा त्याच पाण्यावर आहेत. म्हणजे वर कचरा टाकायचा आणि खाली तोच पाझर प्यायचा.

आधी अंतरे बघा. तुमचा प्रस्ताव झाला तेव्हा २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम लागू होते. १ एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा २०२६ च्या नियमांनी घेतली, म्हणून इथले आकडे नव्या नियमांशीही ताडून पाहा. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टानुसार भरावभूमी, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, नदीपासून १०० मीटर आणि तळे, महामार्ग, वस्ती, सार्वजनिक बाग, पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर दूर हवी होती. विमानतळापासून २० किलोमीटर. १० ते २० च्या मध्ये असेल तर विमान वाहतूक खात्याचे ना-हरकत पत्र लागत असे. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), पाणथळ जागा आणि पूररेषेच्या आत भरावभूमी चालतच नसे.

नियमात शब्द ‘वस्ती’ आहे, ‘गावठाण’ नाही. टेप मात्र गावठाणाच्या हद्दीपासून लावली जाते, आणि धनगरवाडा, कातकरवाडी किंवा बौद्धवाडी नकाशावर उमटलेलीच नसली की अंतर आपोआप ‘पुरेसे’ भरते. म्हणून वाडी कागदावर आणा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चे (घरपट्टीच्या नोंदीचे) उतारे, वीजबिले, मतदार यादीतला भाग, शिधापत्रिका, आणि प्रत्येक घरापासून जागेच्या सर्वात जवळच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. विहिरींचेही तसेच. पीकपाहणीत जलसिंचनाच्या साधनाच्या रकान्यात विहिरीची नोंद नसेल तर तलाठ्याकडे आत्ताच अर्ज द्या. झरे, पऱ्हे, गुरांचे पाणवठे ग्रामसभेच्या ठरावात नावानिशी लिहा. असा ठराव म्हणजे नकाराधिकार नव्हे, पण पुढे प्रत्येक पायरीवर तो पुरावा म्हणून जोडता येतो.

मग तळाचा हिशेब मागा. २०१६ च्या नियमांप्रमाणे ९० सेंटिमीटर घट्ट चिकणमाती, तिच्यावर १.५ मिलिमीटरचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पडदा, आणि भूजलाची सर्वात वरची पातळी त्या मातीच्या थराच्या किमान २ मीटर खाली. ‘सर्वात वरची’ म्हणजे श्रावणातली. अहवालात मोजणीची तारीख एप्रिल-मेची असेल तर तो आकडा या कामाचा नाही. मातीचे गणित सोपे आहे. एका एकराला ९० सेंटिमीटर जाडीने सुमारे १,३०० ब्रास माती लागते, आणि सड्यावर तर टोपलीभर मिळायची मारामार. ती कुठून आणणार, वाहतुकीचा दर काय, हे अंदाजपत्रकात नसेल तर तळ होणार नाही, हे लिहून ठेवा.

पावसाचाही हिशेब करा. ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला ३ लाख लिटर, एकराला सव्वा कोटीच्या आसपास. आराखड्यातली लीचेटची, म्हणजे कचऱ्यातून पाझरणाऱ्या काळ्या पाण्याची, टाकी किती लिटरची आहे? पावसाळ्यापूर्वी कचऱ्यावर ४० ते ६५ सेंटिमीटर मातीचा थर आणि बाजूने चर काढून बाहेरचे पाणी वळवणे २०१६ च्या नियमांत बंधनकारक होते. हे दोन्ही झाले नाही तर टाकी पहिल्याच आठवड्यात वाहू लागते, आणि काळे पाणी थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात.

हे सगळे माहितीच्या अधिकारात मागता येते. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘सर्व कागदपत्रे द्या’ असे लिहू नका. जागा निवडीचा अहवाल, भूजल तपासणी, अंदाजपत्रक, प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलेला नमुना १ चा अर्ज, अशी नावे घेऊन मागा.

प्रश्न : आमच्याकडे तीन शहरांचा एकत्र कचरा येणार आहे. निविदाही निघाली. जनसुनावणीची गरज नाही, असे सांगतात. खरे का? (रायगड जिल्हा)

उत्तर : सामायिक घनकचरा प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली, परिशिष्टातल्या ७(आय) नोंदीनुसार, आधी पर्यावरण मंजुरी लागते, आणि जनसुनावणी त्याच प्रक्रियेचा भाग आहे. तीन शहरे एकत्र आली म्हणजे प्रकल्प सामायिकच झाला. कागदोपत्री त्याचे तीन तुकडे केलेत का, हे आधी तपासा.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत यावी लागते, त्यातले एक वृत्तपत्र स्थानिक भाषेतले. अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो. हजेरीला गणसंख्येची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला तरी सुनावणी ‘झाली’ असेच धरले जाते. घोषणा देऊन उठून जाणे हा तर सर्वात महागडा प्रकार. इतिवृत्तात जाते ते बोललेले आणि लेखी दिलेले. प्रत्येक वाडीने वेगळे निवेदन द्यावे, पोच घ्यावी, आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले जाईपर्यंत थांबावे. ते त्याच दिवशी वाचून दाखवायचे असते.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाच्या दाव्यांचे न्यायाधिकरण) पुण्यातल्या पश्चिम खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. वकील असलाच पाहिजे असे नाही, असलेला बरा.

जाता जाता एक खोच. २०१६ च्या नियमांत प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी रोज ५ टनांहून जास्त कचऱ्याला लागत असे, म्हणून छोट्या शहराचा आकडा पाचाच्या आत बसवण्याकडे कल असे. दरडोई ३०० ग्रॅम धरले तर १५,००० वस्तीचे ४.५ टन होतात. मे महिन्यातले पर्यटक आणि गणपतीतले चाकरमानी त्यात धरलेत का, ते विचारा.

प्रश्न : उघड्या डेपोखालच्या विहिरीला पहिल्या पावसानंतर वास येतो. ग्रामपंचायतीचा तपासणी अहवाल म्हणतो, पाणी पिण्यायोग्य. (सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : नमुना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर घेतला असणार. त्याने जंतू मरतात, अहवाल स्वच्छ येतो, पण विरघळलेले तसेच राहते. टीसीएल टाकण्यापूर्वीचा नमुना घ्या. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली घ्या, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

तपासायचे काय? अमोनिया, क्लोराइड, नायट्रेट, विरघळलेले क्षार, शिसे, ई-कोलाय. भारतीय मानकात अमोनियाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५, शिशाची ०.०१. लोहाच्या आकड्यावर भांडू नका, जांभ्याच्या पाण्यात ते मुळातच असते. खाडीकाठी क्लोराइडही समुद्राचे असू शकते. म्हणून डेपोच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या दोन, एकाच दिवशी, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये तपासा. वर कमी आणि खाली जास्त, त्यातही अमोनिया जास्त, तर बोट डेपोकडेच जाते. डेपो अजून व्हायचा असेल त्या गावांनी ही तपासणी आजच करावी. आधीचा आकडा नसला की ‘पाणी पहिल्यापासूनच असे होते’ या उत्तरापुढे काही चालत नाही. लवादाकडे भरपाई मागण्याची मुदत पाच वर्षे आहे.

प्रश्न : डेपोवर रात्री कचरा पेटवतात. (रायगड जिल्हा)

उत्तर : हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ ला उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. तारीख-वेळ उमटणारे फोटो लागोपाठ काही रात्रींचे काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी द्या. एकाच रात्रीचा फोटो ‘कोणीतरी खोडसाळपणा केला’ म्हणून निकालात निघतो.

प्रश्न : जुना ढीग चाळून निघालेली काळी माती फुकट देतात. कलमांच्या आळ्यात घालू का? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : नको. ती खतासारखी दिसते, पण तिच्यात काचेचा चुरा, प्लॅस्टिकचे तुकडे आणि कधी शिसे, कॅडमियमही असते. जड धातूंचा अहवाल मागा, आणि तोही त्याच ढिगाचा. चाळणी पावसात केलेली असेल तर माती ओली राहून चाळणीची भोके बुजतात आणि प्लॅस्टिक मातीबरोबरच खाली येते. ते काम नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळातले.