ट्रान्झिशनल जस्टिस घेतलायस, तर आधी आझापो वाच

अरे, मूटसाठी, म्हणजे कॉलेजच्या सरावाच्या खटल्यासाठी, हा विषय घेतलास ते भारीच (राजवट बदलली किंवा युद्ध संपलं की जुन्या अत्याचारांचा न्याय कसा करायचा, तेच ट्रान्झिशनल जस्टिस), पण लगेच थिअरीत घुसू नकोस, आधी दक्षिण आफ्रिकेची १९९६ची आझापो (AZAPO, तिथली एक राजकीय संघटना) केस अख्खी वाच. पोलीस कोठडीत मारला गेलेला वर्णभेदविरोधी नेता स्टीव्ह बिको, त्याचं कुटुंबही या केसमध्ये होतं आणि त्यांचं म्हणणं साधं होतं, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ कमिशनकडून गुन्हेगाराला माफी मिळाली की खटलाही जातो आणि भरपाईचा दावाही, मग आमच्या कोर्टात जायच्या हक्काचं काय? कॉन्स्टिट्यूशनल कोर्टाने अंतरिम घटनेच्या उपसंहारावर बोट ठेवून माफी टिकवली, मला ते आजही पटत नाही पण तर्क तुला तोंडपाठ हवा. मग नेपाळ, तिथे २०१५ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं पीडितांच्या संमतीशिवाय माफी चालणार नाही. कोलंबियाचं नंतर बघ. आणि चर्चगेट लोकलमध्ये समरी वाचून भागणार नाही हां, लायब्ररीत बसून पॅरा नंबरसकट नोट्स काढ, जज तिथेच पकडतात.